नुसता रंग लागलेला नाही

१

शुक्रवारी सकाळी अहवाल हाती पडला, तेव्हा वरदानं आधी शेवटचं पान उघडलं. आपलं नाव कुठं आणि कशाखाली आलंय, एवढंच तिला पाहायचं होतं. नाव होतं. लॉट तपासून विक्रीयोग्य ठरवणारी व्यक्ती म्हणून, पूर्ण स्पेलिंगसकट.

गिरीशकाकांना जाऊन बारा दिवस झाले होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी साउथहॅम्प्टनजवळच्या रायफल क्लबात, चारचौघांच्या देखत, त्यांच्याच रायफलची नळी त्यांच्या तोंडाशी फुटली. चाळीस वर्षं लोकांची मोडकी हाडं सांधणारा सर्जन, पण अँब्युलन्स यायच्या आत संपला. कारण कळायला वेळ लागला नाही. सातव्या काडतुसातली दारू नीट पेटलीच नाही, गोळी नळीच्या मध्येच अडकली आणि आठवी गोळी तिच्यावर जाऊन आदळली.

पण सातवं काडतूस नासकं का निघालं? ते वरदाच्या लॉटमधलं होतं, आणि त्या प्रश्नानं बारा दिवस तिची झोप उडवली होती.

ब्रॅकनेलच्या ज्या लॅबमध्ये ती काम करायची, तिचा धंदाच जरा चमत्कारिक होता. लष्करासाठी बनलेली आणि लष्करानं नाकारलेली काडतुसं तिथं यायची. लष्कर नाकारतं म्हणजे माल कुचकामी असतो असं नाही. पितळेवर डाग पडला, वजनात केसाएवढा फरक आला, एवढ्यावरही अख्खा लॉट परत जातो. सैनिकाचं काडतूस वाळवंटात, बर्फात, नदीपार, पेटीत दहा वर्षं पडूनही उडायलाच हवं. क्लबातल्या माणसाला रविवारी कागदाच्या चकतीला भोक पाडायचं असतं. म्हणून एखादा व्यापारी तो लॉट उचलतो, वरदासारखं कुणीतरी तो पुन्हा तपासतं, आणि साध्या तपकिरी खोक्यांतून तो क्लबांकडे जातो.

हा लॉट नाकारला गेला होता तो एका लाल कड्यापायी. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी प्रायमरची टिकली असते, आणि तिच्याभोवतीच्या फटीत लाखेसारख्या लाल रंगाचं बारीक कडं भरतात. कारखान्यातलं यंत्र एका पाळीत तुंबलं आणि हजारो काडतुसं कड्यावाचून निघाली. वरदानं त्यांतली दोनशे उडवून पाहिली होती, एकही फसलं नव्हतं.

गिरीशकाकांनी तेव्हा मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "काय गं, तुझ्या नापासांमध्ये खोट काय आहे?" नेमबाजी त्यांनीच तिला शिकवली होती, मेडनहेडच्या महाराष्ट्र मंडळातल्या बारा वर्षांच्या मुलीला हौसेनं रेंजवर नेऊन. ती हसून म्हणाली होती, "काही नाही काका. नुसता रंग लागलेला नाही."

आता तिनं अहवालातले फोटो पाहिले. उडालेल्या सात पुंगळ्या, आठवीचे तुकडे आणि भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उरलेली चार काडतुसं. ही चार अजून उघडलेली नव्हती, प्रयोगशाळेत रांग होती. तिनं भिंग घेतलं, मग खुर्ची खिडकीजवळ ओढली.

प्रत्येक टिकलीभोवती लाल कडं होतं.

म्हणजे ही काडतुसं तिच्या लॉटमधली नव्हतीच. क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण ते फार टिकलं नाही, कारण अहवाल लिहिणाऱ्यालाही तेच सुचलं होतं. खाली एक ओळ होती: काडतुसं कुणीतरी बदललेली असावीत, हेतुपुरस्सर कृत्याची शक्यता नाकारता येत नाही.

क्लबात त्या दिवशी परका माणूस एकही नव्हता.

२

चौकशी संपेपर्यंत घरी बस, असं ऑफिसनं तिला बजावलं होतं. ती दुपारी गाडी काढून सरळ क्लबवर गेली.

क्लबाच्या दारूगोळ्याची किल्ली ट्रेव्हरकडे असायची. सत्तरीचा, निवृत्त बस ड्रायव्हर. बोलणं थोडं आणि नियम फार. त्यानं तिला चहा दिला, पण नजर दिली नाही. कपाट पोलिसांनी सील केलं होतं आणि आपल्यावरही संशय आहे, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच्याकडून तिनं चिमट्यानं ओढावं तसं एकेक काढून घेतलं. क्लबाची काडतुसं रेंजवरच घ्यायची आणि तिथंच उडवायची, असा नियम होता. लायसन्स असलं तरी घरी न्यायची नाहीत. गिरीश मात्र दरवर्षी ऑक्टोबरात एकदा हा नियम मोडायचा. एक वीसचं खोकं घरी न्यायचा आणि रविवारी त्यातलीच काडतुसं घेऊन यायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. सांगू नये असंच काहीतरी असेल म्हणून ट्रेव्हरनंही कधी विचारलं नाही. वीस वर्षांच्या मित्राला एवढी सूट चालते, असं तो म्हणाला आणि कपात बघत राहिला.

यंदा मंगळवारी खोकं नेलं. रविवारी ठोकळ्यात बारा आणली, दोन सरावाची, दहा मोजायची.

"ठोकळा वेगळा दिसला का?" वरदानं विचारलं.

ट्रेव्हर जरा विचारात पडला. काडतुसं हाताला किंचित चिकट लागत होती, आणि भोकांच्या कडेला पिवळे डाग होते, असं तो म्हणाला. फुलांचा पराग असेल असं त्याला वाटलं होतं. ऑक्टोबरात कसला पराग, हा प्रश्न त्याला आत्ता पडला.

परत येताना वरदा एकच हिशेब करत राहिली. वीसातली बारा रेंजवर आली, मग उरलेली आठ गेली कुठं? पोलिसांनी गिरीशकाकांचं लोखंडी कपाट रिकामं केलं होतं. त्या यादीत ती नव्हती. ज्यानं काडतुसं बदलली त्यानं अख्खं खोकं बदललं असेल, तर तशीच नासकी आठ काडतुसं अजून कुठंतरी होती. रविवारी सकाळी अकराला क्लबात काकांच्या स्मरणार्थ नेमबाजी ठेवलेली होती, सूचना फळ्यावर लागलेली तिनं पाहिली होती. त्या आठांतलं एक जरी कुणाच्या रायफलीत गेलं, तर अजून एक चेहरा जाणार होता.

तिनं हायवेच्या कडेला गाडी थांबवून पोलिसांना फोन केला. समोरच्या माणसानं सगळं नम्रपणे लिहून घेतलं आणि साक्षीदारांना भेटू नका, असं दोनदा सांगितलं.

३

शनिवारी ती जयंतकाकांना भेटायला गेली.

या क्लबात दोघं दोघं जोडीनं पडून नेम धरतात. एकानं एक गोळी झाडायची, मग दुसऱ्यानं, आणि प्रत्येकानं जोडीदाराचे गुण लिहायचे. गिरीश आणि जयंत यांची जोडी सव्वीस वर्षांची. एक हाडांचा डॉक्टर, दुसरा भूल देणारा. ऑपरेशन थिएटरमध्येही जोडी आणि रेंजवरही. त्या दिवशी काकांच्या हाताशी, काडतुसांच्या ठोकळ्यापासून वीतभर अंतरावर, फक्त हाच माणूस होता. अंत्यविधीला आला, पण गिरीशकाकांच्या पत्नी सुप्रभाकाकूंच्या समोर गेला नाही. दहाव्याला तर आलाच नाही.

दार उघडल्यावर त्यांनी तिला आत ये म्हटलं नाही. वरदा तशीच उभी राहिली.  हा माणूस तिला लहानपणी श्रीखंडाच्या वड्या द्यायचा, आणि आज ती त्याच्या दारात मनातल्या मनात पळायची वाट मोजत होती.

"काका, सातव्या गोळीला काय झालं? गुणपत्रिका तुम्ही लिहिलीत."

"पोलिसांना सगळं सांगितलंय."

"मला सांगा. माझी सही आहे त्या लॉटवर."

 जयंतकाका दार सोडून मागे सरकले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. ती उंबऱ्यातच थांबली.

त्या दिवशी आठ निशाण्यांवर एकदमच गोळीबार चालू होता, ते सांगत गेले. गिरीशला अलीकडे ऐकायला कमी यायचं, त्यात कानांवर आवाज अडवणारे डिफेंडर्स. गोळी लागली की निशाणीखालच्या खंदकातली माणसं निशाणी खाली ओढून भोक पाहतात; सातवी गोळी सुटली, पण निशाणी हलली नाही. खंदकातल्या माणसांना निरोप पाठवला, उत्तर आलं, गोळी लागलीच नाही. सव्वीस वर्षांत गिरीशचा नेम असा पुरता चुकल्याचं जयंतनं पाहिलं नव्हतं.

"आवाज बारीक आला होता गं. मला जाणवलं. पण लक्षात यायच्या आधी मी बोलून गेलो." त्यांनी डोळे मिटले. "मी म्हटलं, काय रे, आता चष्मा पुसून घे, नाहीतर सुप्रभाला बोलावतो नेम धरायला. तो चिडला. एरवी तो दोन गोळ्यांमध्ये मिनिटभर घ्यायचा. माझी गोळी झाल्याबरोबर त्यानं बोल्ट ओढला, पुढची भरली आणि घोडा दाबला."

एवढंच त्यांचं गुपित होतं. मित्राच्या मरणाआधीचं शेवटचं वाक्य आपली चेष्टा होती, हे त्यांना सुप्रभाकाकूंना सांगवत नव्हतं. वरदाला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाजही वाटली. भीती मात्र गेली नाही. ठोकळ्यापाशी रविवारी कुणी लबाडी केली नसेल, तर ती त्याआधी झाली होती. मंगळवार ते रविवार काडतुसं काकांच्या घरात होती, आणि घरात काकूंखेरीज एकच माणूस होता, त्यांचा मुलगा.

जयंतकाकांनीच तिच्या मनातलं नाव घेतलं. "अर्णवचं आणि त्याचं त्या आठवड्यात वाजलं होतं. गिरीश म्हणाला, घरात शिस्त नाही, मुलगा माझ्या वस्तूंना हात लावतो. मी काही म्हणत नाही. पण उद्याचा कार्यक्रम अर्णवनंच ठरवलाय."

४

रविवारी दहाला ती चँडलर्स फोर्डला काकांच्या घरी पोचली तेव्हा अर्णव निघून गेला होता. त्याची गाडी दारात नाही म्हटल्यावर तिनं घड्याळ पाहिलं.

सुप्रभाकाकू घरात एकट्याच होत्या. तेरावा होऊन गेल्यावर घराला जी कळा येते तीच तिथं होती. नातेवाईक गेलेले, भांडी जागेवर आणि हॉलमध्ये उगाच दहा खुर्च्या. कार्यक्रमाला त्यांना येववत नव्हतं. तिथला आवाज त्यांना सहन होणार नव्हता.

वरदानं आडवळणानं विचारून पाहिलं. काकांचं आणि अर्णवचं कशावरून झालं? काकू म्हणाल्या, कशावरून होणार, कपाटाच्या किल्लीवरून. अर्णव ऑफिसच्या घाईत आपल्या रायफलच्या कपाटाला किल्ली तशीच ठेवून गेला होता, आणि काकांना ते खपलं नव्हतं. लायसन्स तपासणारा ऑफिसर आला असता तर दोघांचंही लायसन्स गेलं असतं. नियमाच्या बाबतीत फार कडक होते ते, असं म्हणताना काकूंची नजर किंचित देवघराकडे वळली आणि पटकन परत आली.

वरदाच्या ते लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही. कॉफी तशीच ठेवून ती उठली. गाठायला हवं होतं अर्णवला.

सवासण घरातून निघाली की काकूंचा हात आपसूक करंड्याकडे जायचा, मंडळातल्या सगळ्या मुलींना हे माहीत होतं. आजही गेला. करंडा उघडला, बोट कुंकवात बुडालं आणि तिथंच थांबलं. काकूंनी बोट मागे घेतलं.

"तूच लाव गं हातानं," त्या हळूच म्हणाल्या. "मी आता नाही."

"काकू, असलं काही मी मानत नाही. तुम्हीच लावा."

त्या नाही म्हणाल्या. वरदानं मग स्वतःच बोट बुडवलं. कपाळाला लावताना थोडं कुंकू नखाच्या कडेच्या खाचेत उतरलं आणि नखाभोवती बारीक लाल कडं उमटलं. ती त्या बोटाकडे पाहतच राहिली. शेजारच्या वाटीत हळद होती.

"काकू," ती म्हणाली आणि आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा वाटला, "काका दर ऑक्टोबरात एक खोकं घरी आणायचे. कशाला?"

काकू घाबरल्या. "कुणाला सांगू नकोस. खंडेनवमीला. शस्त्राची पूजा नको का करायला? पण रायफल कपाटाबाहेर काढून पाहुण्यांसमोर ठेवायची नाही, आणि मी तर हातही लावायचा नाही, असा इथला कायदा. म्हणून ते म्हणाले, काडतुसांचीच पूजा करू. वीस वर्षं करतोय. पोलीस आले तेव्हा मी बोलले नाही. उघड्यावर ठेवली होती म्हटल्यावर गेल्यानंतर त्यांच्या नावाला बट्टा लागला असता."

"नुसतं हळदकुंकू लावता?"

"नुसतं कसं? देव्हाऱ्यात ठेवायची तर आंघोळ नको? ताम्हणात घेऊन पंचामृत, मग पाणी, जरासं तेल. रात्रभर तिथंच ओल्या वस्त्रावर. दरवर्षी टिकलीभोवती लाल रंग असायचा, यंदा बोडकीच होती. हे म्हणाले, वरदा म्हणते नुसता रंग लागलेला नाही, तर तूच लाव. मग मी एकेकाला मागून कुंकू लावलं. सगळ्या वीसांना."

 खुनी नव्हताच. कुणी काही बदललं नव्हतं. काडतुसं तिच्याच लॉटमधली होती, आणि त्यात काही खोट नव्हती, फक्त पाणी अडवणारं ते कडं नव्हतं. वीस वर्षं त्या लाल रंगानं पूजेचं पाणी बाहेर ठेवलं होतं. यंदा ते फटीतून आत गेलं आणि बुधवार ते रविवार दारूत मुरत राहिलं. अकरा काडतुसं कमीजास्त भिजली असतील, पण सातवं पुरतं भिजलं होतं.

"बाकीची आठ कुठं आहेत काकू?"

"देवामागे डबीत होती. काल अर्णवला दिली. रेंजवरची बदललेली होती म्हणतात, ही बाबांच्या पूजेतली आहेत, त्यांच्या नावानं उडवतो म्हणाला." काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं गं?"

५

क्लबात फोन गाडीत ठेवून जायचा नियम. अर्णवचा फोन वाजत राहिला, ट्रेव्हरचाही. जयंतकाकांना तिनं फोन लावला, तो बंद होता. काकू चपला घालून, कोट न घेताच गाडीत येऊन बसल्या होत्या. वरदानं काही सांगितलं नाही आणि त्यांनी काही विचारलं नाही. वीस मिनिटांच्या त्या वाटेत वरदानं जे देव कधी मानले नव्हते, त्यांनाही हाक मारली.

गाडीतून उतरताना पहिला आवाज आला. खणखणीत, झाडांवरून घुमत गेलेला. अकरा वाजायला पाच मिनिटं कमी होती, त्यांनी लवकर सुरू केलं होतं. ती पळत सुटली. दुसरा आवाज आला, तोही तसाच. तिनं मनात म्हटलं, दोन गेल्या, सहा राहिल्या.

तिसऱ्या वेळी टप्प असा आवाज आला, कुणी बाटलीचं बूच काढावं तसा.

चढावर माणसं माना खाली घालून, कानांवर डिफेंडर्स चढवून उभी होती. त्यांच्यापुढे ओल्या गवतावर अर्णव पालथा पडला होता. तो रडत होता, खांदे हलताना दिसत होते. त्यानं बोल्ट मागे ओढला, पुंगळी गवतात उडाली आणि त्याचा हात पुढच्या काडतुसाकडे गेला.

रेंजवर 'स्टॉप' हा एकच शब्द असा आहे, की तो कुणीही ओरडावा आणि सगळ्यांनी थिजावं. काकांनी तिला पहिल्या दिवशी तोच शिकवला होता. वरदा जिवाच्या आकांतानं ओरडली. ट्रेव्हर दचकून वळला, त्यानंही हात वर करून तोच शब्द फेकला. अर्णवची बोटं बोल्टवर थांबली. काडतूस आत गेलेलं होतं, बोल्ट अजून मिटायचा होता.

"काय झाला?" अर्णव मान वळवून इथं वाढलेल्या मुलांच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "बाबाच्या गोळ्या आहे त्या. मला सगळे मारायचे आहे."

"अर्णव, हात काढ. उठ तिथून. आधी उठ."

तो उठला. ट्रेव्हरनं काडतूस काढून घेतलं, नळीतून पितळी सळई घातली. सळई अर्ध्यावर अडली. सगळे पाहत असताना त्यानं ती हळूहळू ठोकली, आणि तिसरी गोळी टपकन गवतावर पडली.  जयंतकाका मागे झाडाशी उभे होते. ते येऊन अर्णवला मिठी मारून उभे राहिले आणि त्यांना सोडवेना.

वरदानं उरलेली पाच काडतुसं रुमालात घेतली. त्यांच्या बुडाला लाल कडी होती. बोट फिरवल्याबरोबर ती पुसली गेली.

सुप्रभाकाकू कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. त्यांनी गवतावरची गोळी पाहिली, मुलाकडे पाहिलं, मग वरदाच्या लाल झालेल्या बोटाकडे. हुशार बाई होत्या. दोन आणि दोन चार हे त्यांना सांगावं लागलं नाही.

खोटं बोलायचं वरदाच्या मनात येऊन गेलं. लॉट खराब होता म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, सहीची पत बुडाली असती, पण ही बाई उरलेलं आयुष्य शांतपणे जगली असती. मग तिला आठवलं की त्या लॉटची हजारो काडतुसं अजून क्लबाक्लबांत आहेत, आणि प्रत्येक खोक्यावर 'कोरड्या जागी ठेवा' एवढंच बारीक अक्षरात छापलंय.

"मीच ना?" काकूंनी विचारलं. "मी पाणी घातलं म्हणून ना?"

"पाणी आत गेलं काकू. तो लाल रंग पाणी अडवण्यासाठीच असतो. काकांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, नुसता रंग लागलेला नाही. कशासाठी असतो, ते सांगितलं नाही."

 रेंजवरचं लाल निशाण कुणीतरी उतरवत होतं. काकूंनी पदराचं टोक घेतलं, वरदाचा हात हातात धरला आणि तिच्या बोटावरचं कुंकू पुसायला लागल्या.

"सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मी नुसतं फूल वाहिलं असतं."